मिरामारचं पाणी आणि घरातली खारी टाकी

पणजीत राहून घरातल्या समुद्री माशांच्या टाकीसाठी समुद्राचं पाणी विकत कशाला घ्यायचं? मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून मिरामारला जाऊन दोन कॅन भरून आणले. महिना जुलैचा. टाकीतल्या पाण्याची सापेक्ष घनता, म्हणजे खारेपणाचं माप, १.०२५ हवं, आणि ते मोजणारा रेफ्रॅक्टोमीटर १.०१० च्याही खाली दाखवत होता. पावसाळ्यात मांडवी घाटातलं गोडं पाणी मुखापर्यंत आणते, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी नावालाच खारं उरतं. ते ओतलं असतं तर मासे वाचले नसते.

समुद्र घरात सांभाळण्याची धडपड तशी जुनी. लंडनच्या ॲना थिन यांनी १८४६ मध्ये प्रवाळ घरी आणले. पाणी शिळं होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पाण्याला हवा लागते हे त्या लोकांनी ओळखलं होतं. पण माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो आणि तोच माशाला मारतो, तो पचवणारे जिवाणू टाकीत आधी रुजवावे लागतात, हे कळायला फार काळ जावा लागला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी ते जिवाणू १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले, तरी घरच्या टाकीत ती समज उशिराच उतरली. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातलेच ‘जिवंत खडक’ (जिवाणूंनी भरलेले प्रवाळाचे जुने सांगाडे) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते हे मांडलं. बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. आजची टाकी त्याच वळणाची आहे.

आपल्याकडे मात्र गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रँड आयलंडजवळचा असा खडक उचलून आणायचा नाही. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा, बनवलेला दगड घ्या आणि त्यावर जिवाणू वाढू द्या. पाच-सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसावं लागतं, पण त्याला इलाज नाही.

टाकीतल्या माशांच्या भांडणांचं मूळही एका जुन्या सवयीत आहे. नवी टाकी बसवताना अमोनिया सोसणारा मासा म्हणून आधी डॅमसेल सोडायची पद्धत होती. तो जगायचा, सगळी टाकी आपली समजायचा आणि मागून आलेल्या प्रत्येकाचे पंख फाडायचा. आता अमोनियाचे थेंब टाकून हे काम माशाविना होतं. क्लाउनफिशचं गणित वेगळं: जोडीतला मोठा मासा मादी असतो, आणि ती गेली तर नराचीच मादी होते. म्हणून दोन सारख्या मोठ्या क्लाउनफिश एकत्र टाकू नयेत. एक लहान, एक मोठा घ्यावा.

माशाच्या अंगावर रोगाने येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांनी तर अनेकांना फसवलंय. ठिपके दोन-तीन दिवसांत गेले की मासा बरा झाला असं वाटतं. खरं तर ते ठिपके आणणारा परजीवी वाळूत उतरून वाढत असतो आणि शेकड्यांनी परत येतो. म्हणून नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा.

माझा निळा डॅमसेल मी सगळ्यांत शेवटी सोडला. सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलली, म्हणजे कुणाचीच जुनी हद्द राहिली नाही. पहिल्या रात्री तो कोपऱ्यातल्या कपारीत शिरला आणि क्लाउनफिशची जोडी त्याच्याकडे न बघता झोपली.