‘एकच मॅच’ संपत का नाही?

बीजीएमआय या मोबाइल गेमच्या एरँगल नकाशावर 100 खेळाडू उतरतात. चौघांचा एक स्क्वॉड धरला तर 25 स्क्वॉड. सगळे तोडीस तोड आहेत असं मानलं, तर ‘चिकन डिनर’ म्हणजे विजय सरासरी 25 मॅचमध्ये एकदा मिळणार. पण ती मॅच कोणती, हे कुणालाच ठाऊक नसतं. रात्री साडेअकराला ‘बस, शेवटची एकच’ म्हणत सुरू झालेला खेळ दोन वाजेपर्यंत लांबतो, तो बराचसा या ‘कोणती’मुळे.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे फार पूर्वीच दिसलं होतं. ठरावीक वेळा चोच मारल्यावरच दाणा मिळत असेल, तर दाणा खाऊन कबूतर जरा विसावतं. तोच दाणा कधी तिसऱ्या, तर कधी तिसाव्या टोचीला मिळू लागला की ते थांबायचं नावच घेत नाही. दाणे बंद केले तरी बराच वेळ टोचत राहतं. गेममधले क्रेट, म्हणजे बक्षिसांच्या पेट्या, उघडताना बोटं हेच करत असतात.

मेंदूत काय घडतं, याची पहिली झलक 1998 मध्ये लंडनमध्ये मिळाली. रणगाडा चालवायचा एक साधा गेम खेळणाऱ्या आठ पुरुषांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले, तेव्हा खेळताना डोपामीन हे मेंदूतलं रसायन वाढल्याचं दिसलं. डोपामीनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत आहे, ती मात्र फसवी आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत डोपामीनच्या पेशी अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाल्यावर उसळल्या. पुढे माकडांना इशारा ओळखता येऊ लागला, तेव्हा त्या इशाऱ्यावरच उसळू लागल्या, रस मिळाल्यावर नव्हे. आणि इशारा होऊनही रस आला नाही, तर मंदावल्या. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा हा हिशेब आहे. ‘आता मजा येत नाही रे, तरी खेळतोय’ असं पोरं म्हणतात, ते खोटं नसतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असं मानसशास्त्रज्ञ केंट बेरिज यांचं संशोधन सांगतं.

म्हणूनच काही दिवस सगळी मजा बंद करून डोपामीन ‘साफ’ करायच्या सध्याच्या ‘डोपामीन डिटॉक्स’च्या फॅडवर माझा विश्वास नाही. डोपामीन काही अंगात साचलेलं विष नव्हे. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो.

खरा मुद्दा इशाऱ्याचा. उशाशी चार्जिंगला लावलेला फोन, जेवणानंतरची रिकामी वेळ, ग्रुपवर पडलेलं ‘कोण कोण येतंय?’. गेमची लॉबी, म्हणजे मॅचआधीचा पडदा, उघडल्यावर मनाला आवर घालायचा म्हणजे अर्धी लढाई हरूनच बसलो. त्यापेक्षा चार्जर स्वयंपाकघरात न्यावा, नोटिफिकेशन बंद करावीत, दर वेळी लॉग-आउट करावं. दोन मिनिटांचा जादा खटाटोप सवयीला चांगलाच नडतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेली ‘अमुक झालं, तर तमुक करीन’ ही पद्धतही उपयोगी पडते. ‘गेम कमी करीन’ हा संकल्प भोंगळ. ‘ताट उचललं की बूट घालून बाहेर पडीन’ हे मेंदूला कळतं.

सगळ्यात अवघड असतो तो स्क्वॉड. तो गेमपुरता नसतो, मित्रांचा कट्टाच असतो. कॉलेज संपून कुणी पुण्यात, कुणी नाशकात, आणि रोजच्या गप्पा फक्त हेडफोनवर. गेम सोडणाऱ्याची संध्याकाळच रिकामी होते. शिवाय सीझन संपला की रँक खाली येते, ती पुन्हा ‘पुश’ करायला चौघंही लागतात. एकट्याने पाय काढला की बाकीचे तिघे चिडणारच. त्यांना आधीच सांगून टाकावं आणि त्यांच्यातल्याच एखाद्याला शनिवारी टर्फवर ओढावं. पालकांनी फोन हिसकावून घेतला तर हा कट्टाही तुटतो आणि पोरगं आणखी बिथरतं.

नवी सवय किती दिवसांत मुरते? 21 दिवस ही निव्वळ दंतकथा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले. माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. मध्येच एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडलं नाही.

खेळणारा प्रत्येक जण काही आजारी नसतो. खेळावर ताबा न उरणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, हे साधारण वर्षभर टिकलं, तरच जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11 ही आजारांची यादी त्याला ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणतं. अशांसाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ‘शट’ क्लिनिक आहे आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही. त्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.