ढकलपत्र ते दुहेरी बाण : ‘पाच’च्या मर्यादेची पार्श्वभूमी

मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळची पहिली चमत्कारिक बातमी येऊन पडते तेव्हा तिच्या डोक्यावर एक बारीक बाण असतो. बाण एकच असेल तर चारदोन जण वाचतात. दोन असतील तर कुणीतरी ‘शिळं आहे रे’ म्हणून मोकळा होतो. एकेरी बाण म्हणजे मजकूर दुसरीकडून आलेला, दुहेरी म्हणजे अनेकदा पुढे ढकललेला. एकेरी जुलै २०१८मध्ये आला, दुहेरी त्यानंतर साधारण वर्षाने. तोवर स्वतः टाइप केलेलं आणि कुठून तरी आलेलं, दोन्ही दिसायला सारखंच असे. नान्याने टाकली म्हणजे बातमी नान्याची.

बाणाबरोबरच एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादाही आली, आणि चर्चा झाली ती तिचीच. पण ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. साखळीपत्रांचा काळ आठवणारे आठवतील: अमुक देवीचा दृष्टान्त, हे कार्ड एकवीस जणांना लिहा, फाडलंत तर घरात वाईट होईल. ती हाताने उतरवून काढायची असत, म्हणून तर धमकी लागायची. गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला तेव्हा धमकीची गरज पडली नाही. पितृपक्ष चालू असूनही देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण, म्हणजे द्रव आपोआप ओढला जाणं, हे खुलासे लगोलग आले, पण तोवर बातमी फोनवरून देशाबाहेरही गेली होती. त्या दिवशी फोन करणारी प्रत्येक मावशी ‘मी स्वतः पाजलं’ असं तरी सांगत होती, नाहीतर पाजणाऱ्या शेजारणीचं नाव तरी घेत होती. बातमी खोटी असली तरी तिला सांगणारं माणूस होतं.

हे माणूस गळालं ते ईमेलमध्ये. घरी नाहीतर सायबर कॅफेत इनबॉक्स उघडावा तर विषयाच्या जागी एफडब्ल्यू (म्हणजे फॉरवर्ड), एफडब्ल्यू, एफडब्ल्यू अशी रांग आणि खाली पन्नास अनोळखी पत्ते. नेटवर मराठी लिहिणाऱ्या मंडळींनी याला ‘ढकलपत्र’ असा शब्द काढला. माझ्या मते या सगळ्या प्रकाराला मराठीत इतकं अचूक नाव दुसरं नाही. ‘फॉरवर्ड’ने घोटाळाच केला आहे. आईच्या पिढीत फॉरवर्ड म्हणजे पुढारलेली, म्हणजे बॉबकट केलेली आणि सासऱ्यांसमोर खुर्चीत बसणारी. सरकारी कचेरीत फाइल फॉरवर्ड होते त्याला कागदावर ‘अग्रेषित’ म्हणतात. तिथे पाठवणाऱ्याची सही लागते आणि उद्या चौकशी लागली तर त्यालाच विचारतात. ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये नेमकी सहीच नाही. ‘मी फक्त ढकललं’ हे वाक्य ढकलपत्रात आधीच भरलेलं आहे. पुढे ‘आलंय तसं पाठवतोय’ आणि ‘साभार’ आले, पण अर्थ तोच.

एसएमएसच्या काळातला नमुना मुंबईकरांना वेगळा सांगायला नको. १८ ऑगस्ट २००६, शुक्रवारची संध्याकाळ, माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं. माझ्या फोनवर रोमन लिपीत तीन ओळी आल्या, त्यातली शेवटची होती ‘बाटली घेऊन ये’. लोक खरोखर बाटल्या घेऊन गेले, प्यायलेही. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत उतरतं आणि खारटपणा कमी होतो हे कारण पुढे आलं. ते पाणी पिऊ नका, असं प्रशासन कानीकपाळी ओरडत होतं. मिठीत काय काय सोडलं जातं हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर आजही काटा येईल.

‘पाच’ हा आकडा पहिल्यांदा आला तो २०१२मध्ये, आणि हे बहुतेक जण विसरलेत. त्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाइलवर फिरल्या. बेंगळुरू आणि पुण्याहून गाड्या भरभरून माणसं गावी निघाली. १७ तारखेला केंद्राने आदेश काढला: पाचपेक्षा जास्त एसएमएस एकगठ्ठा पाठवायला १५ दिवस बंदी. तिसऱ्या दिवशी ईद होती, शुभेच्छाही त्यात अडकल्या. आठवड्याच्या आत मर्यादा २० वर न्यावी लागली.

मग २०१८. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश तेव्हा राज्याराज्यांत फिरत होते. मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याचा जो व्हिडिओ सर्वांत जास्त फिरला, तो मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात, तेवढाच भाग कुणीतरी छाटला होता. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला पत्र पाठवलं. दहा दिवसांत बाण आला आणि त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मर्यादा जाहीर झाली: भारतात एका वेळी पाच चॅट, बाकी जगात वीस. आधी हाच आकडा अडीचशेच्या घरात होता. जानेवारी २०१९पासून पाचचा नियम जगभर लागू झाला.

या निर्णयावर दोन तट पडले, ते अजून तसेच आहेत. ढकलण्याची सोय मोडली की ढकलणाराही कंटाळतो, असं एका बाजूचं म्हणणं. जगभर पाचची मर्यादा लावल्यावर फॉरवर्ड एकचतुर्थांशाने कमी झाले, असा कंपनीचाही दावा होता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं साध्या गुणाकाराचं. पाच चॅट म्हणजे पाच माणसं नव्हेत. तेव्हा ग्रुपही एकच चॅट धरला जाई आणि ग्रुपमध्ये २५६ जण मावत. २५६ गुणिले पाच, म्हणजे बसल्या जागी १,२८० जण. त्यात गावाकडे एका मोबाइलभोवती चार डोकी असतात, ती कुठे मोजणार? मला गुणाकारवाल्यांचं जास्त पटतं. मर्यादेने वेग कमी झाला असेलही, पण मित्रांच्या गप्पांमध्ये फरक पडला तो बाणामुळे. ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारायचं कारणच उरलं नाही.

२०१८च्या त्याच जुलैत, १७ तारखेला, याहू मेसेंजर कायमचा बंद झाला. तिथे गप्पा मारायच्या तर काहीतरी स्वतः बडवावं लागे, निदान ‘जेवलास का’ तरी. बातम्यांच्या गर्दीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

एप्रिल २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुहेरी बाणाचा मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरलं. असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटले, हा आकडाही कंपनीनेच त्याच महिन्यात दिला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्या दिवसांत काढ्याचे संदेश बाणाशिवाय येऊ लागले. दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की एक मित्र प्रत्येक संदेश कॉपी करून नव्याने चिकटवत होता, आणि वर स्वतःच्या हाताने लिहीत होता, ‘खात्रीलायक’.