रक्तपेशींतला नायट्रिक ऑक्साइड : वादाची पार्श्वभूमी

माणसाच्या रक्तपेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतात की नाही, हा तो वाद; त्याची सुरुवात नायट्रेट या नायट्रोजनयुक्त क्षारापासून होते. माणूस अन्नातून जेवढे नायट्रेट घेतो, त्याहून जास्त लघवीवाटे बाहेर टाकतो, ही नोंद १९१६ सालची. पुढे कित्येक दशके ती तशीच पडून होती. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात स्वयंसेवकांच्या लघवीतले नायट्रेट मोजले जात असताना एकाला जुलाब आणि ताप सुरू झाला, आणि त्याचे नायट्रेट एकदम चढले. संसर्गाशी झुंजताना शरीरच ते बनवत असावे, हा संशय तिथून बळावला.

१९८५मध्ये स्टूअर आणि मार्लेटा या संशोधकांनी उंदराच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींना जिवाणूंच्या विषाने चेतवले, तेव्हा त्या नायट्राइट-नायट्रेट सोडू लागल्या. मधला दुवा नायट्रिक ऑक्साइड हा वायू असून तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतो, हे १९८८पर्यंत उलगडले. रक्तवाहिन्या सैलावणारा वायूही हाच, आणि त्या संशोधनाला १९९८चे नोबेल मिळाले.

खरी अडचण माणसापाशी आली. उंदराच्या पेशी भरभरून वायू सोडत. निरोगी माणसाच्या रक्तातले मोनोसाइट (ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या पांढऱ्या पेशी) त्याच प्रयोगात जवळपास गप्प राहत. त्यामुळे मानवी पेशी तो बनवतच नाहीत, असे बरेच जण ठामपणे मांडू लागले. माझ्या मते ही घाई होती, कारण आजारी माणसांच्या पेशी फारशा कुणी तपासल्याच नव्हत्या. १९९६मध्ये क्षयरुग्णांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या मॅक्रोफेजमध्ये तो बनवणारे विकर (एन्झाइम) सापडले. त्याच वर्षी टांझानियातल्या मुलांच्या अभ्यासात मलेरिया जितका गंभीर, तितका नायट्रिक ऑक्साइड कमी, असे दिसले.

जास्त झाला तरी तो घातकच. सेप्टिक शॉक या गंभीर संसर्गाच्या अवस्थेत त्याच्या पुरामुळे रक्तदाब कोसळतो. पण त्याची निर्मितीच रोखणाऱ्या औषधाची मोठी चाचणी मृत्यू वाढल्याने मध्येच थांबवावी लागली.

प्लेटलेट्सही (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) थोडा वायू बनवून आपले चिकटणे आवरतात, हे १९९०मध्ये कळले. तांबड्या पेशींचे मात्र उलट: त्यांतले हिमोग्लोबिन तो शोषून घेते. पेशी शाबूत असेपर्यंत हे आटोक्यात राहते. सिकलसेल या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी फुटतात, मोकळे हिमोग्लोबिन वायू गिळते आणि रक्तवाहिन्या आवळतात, असे २००२मध्ये दाखवले गेले. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना छळणाऱ्या या आजारात गुठळ्या आणि फुप्फुसांतला वाढता रक्तदाब यांमागे हेही एक कारण मानले जाते.