क्लबने उधळले की मालकाने घातले?

ऑगस्ट संपत येतो, पोळा होऊन जातो, गणपतीच्या मंडपाचे बांबू रस्त्यात येऊन पडतात, आणि जळगाव-भुसावळच्या चहाच्या टपऱ्यांवर फुटबॉलवाल्या पोरांचं एक ठरलेलं भांडण सुरू होतं. युरोपातली ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद व्हायला आलेली असते. मँचेस्टर युनायटेडवाला म्हणतो, "आमच्या मालकाने क्लब लुटून खाल्ला भो." समोरचा चेल्सीवाला उसळतो, "लुटला? दरसाल कोटीच्या कोटी पौंडांचे प्लेयर घेता आन् वरून रडता?" दोघंही खरं बोलत असतात, तरी भांडण मिटत नाही. क्लबने केलेला खर्च आणि मालकाने घातलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनी त्या एकच धरलेल्या असतात.

आपल्याकडे हा घोळ आयपीएलने पक्का केला असं मला वाटतं. तिथे लिलावात मालक टेबलावर बसलेला दिसतो, हात वर करतो, आणि २०२५च्या हंगामासाठी ऋषभ पंतला लखनौ २७ कोटींना घेतं. सगळ्या संघांची पर्स सारखी, आणि बोलीची रक्कम म्हणजे खेळाडूचा त्या हंगामाचा पगार. फुटबॉलमध्ये ट्रान्सफर फी खेळाडूला मिळत नाही, ती त्याच्या जुन्या क्लबला जाते, पगार वेगळा. सारखी पर्स नाही. आणि मालक टेबलावर तर नसतोच, पुष्कळदा त्या व्यवहारात त्याचा छदामही नसतो. फी क्लब भरतो, स्वतःच्या कमाईतून: तिकिटं, टीव्हीचे हक्क, प्रायोजक, जर्सी, आणि विकलेले खेळाडू.

समजा, रावेरकडे वीस एकर केळीची बाग आहे. सातबारा कोरा, एक रुपयाचा बोजा नाही. एक खरेदीदार येतो. किमतीतला थोडा भाग खिशातून देतो, बाकीचं कर्ज काढतो, आणि त्या कर्जाचा बोजा चढवतो त्याच बागेच्या सातबाऱ्यावर. आता हप्ता केळीच्या गाडीच्या पैशातून जातो. बाग बंद पडत नाही. खत पडतं, ठिबकच्या नळ्या बदलतात, टिश्यू कल्चरची रोपं येतात. बांधावरून बघणारा म्हणतो, नवा मालक बागेवर केवढा खर्च करतोय! खर्च होतोच आहे, पण तो केळीचा पैसा आहे, आणि तोही हप्ता वजा जाऊन उरलेला. जवळ उभा असलेला अहिराणी माणूस एका वाक्यात सांगेल: मालकना खिसामाईन एक रुपया बी निंघना नही.

२००५ साली ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला तो असा. किंमत सुमारे ७९ कोटी पौंड, त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाऊ, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. कर्जाच्या एका भागावर तर १४.२५ टक्के व्याज होतं. चिडलेल्या काही समर्थकांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. २००९मध्ये रोनाल्डो ८ कोटी पौंडांना माद्रिदला गेला, आणि हा पैसा संघात येणार की व्याजात, अशी शंका लोकांनी उघड बोलून दाखवली. २०१०मध्ये क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर लाल रंगाऐवजी हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले. ते रंग क्लबच्या मूळ न्यूटन हीथ नावाच्या काळातले. मार्च २०१०मध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या, एके काळी युनायटेडच्याच असलेल्या बेकहॅमनेही सामना संपल्यावर तसला मफलर गळ्यात घातला. २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शेअर विकले, त्यातला निम्मा पैसा कर्ज फेडायला आणि निम्मा थेट कुटुंबाकडे. पुढे २०१६पासून काही वर्षं नियमित लाभांशही उचलला.

याच काळात क्लबचा खर्च मात्र कमी नव्हता. २०१६मध्ये पोग्बासाठी ८ कोटी ९० लाख पौंड दिले, तेव्हाचा जागतिक विक्रम. २०२२च्या एका उन्हाळ्यात २० कोटींच्या वर गेले, त्यातले आठेक कोटी एकट्या अँटनीचे. खेळाडू निवडणारे चुकले हे उघड आहे, पण तो अकलेचा प्रश्न झाला, तिजोरीचा नाही. चेल्सीवाला "तुम्ही उधळता" म्हणतो ते क्लबच्या खर्चाबद्दल, युनायटेडवाला "तो घालत नाही" म्हणतो ते मालकाबद्दल. "अजून खर्च करा" अशी मागणी करणारा युनायटेडवाला खरं तर स्वतःच्याच बाजूची चुकीची गोष्ट मागत असतो. ज्या क्लबची वर्षाची कमाई ६६ कोटी पौंडांच्या वर आहे, त्याला खर्चासाठी कोणाच्या दयेची गरज नाही. कमाईतून काय बाहेर जातंय, हा त्याचा खरा प्रश्न.

बरोबर उलटं उदाहरण न्यूकॅसलचं. माइक अॅशलीने २००७मध्ये सुमारे १३.४ कोटी पौंडांना क्लब घेतला आणि पुढे शंभर मिलियनच्या वर, म्हणजे १० कोटींहून जास्त, बिनव्याजी कर्ज स्वतःच्या खिशातून दिलं. आकड्यांत पाहिलं तर ग्लेझरांपेक्षा दिलदार! तरी शहराला तो नकोसा होता, कारण संघावरचा खर्च हात आखडून होत होता, २००९ आणि २०१६ अशी दोनदा खालच्या श्रेणीत घसरण झाली, आणि मध्येच सेंट जेम्स पार्क या मैदानाला स्वतःच्या दुकानाचं नाव देऊन पाहिलं. म्हणजे मालकाचा पैसा आत असून क्लब खर्च करत नाही, असंही होतं. दोन्ही क्लबांचे समर्थक "मालक हटाव" म्हणत होते, पण तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

याहून फसवी रक्कम म्हणजे क्लब विकत घ्यायची किंमत. मी स्वतः आर्सेनलवाला, त्यामुळे घरचंच सांगतो. २०१८मध्ये आमचे मालक क्रोंके यांनी दुसरे मोठे भागधारक उस्मानोव यांचा सुमारे ३० टक्के हिस्सा ५५ कोटी पौंडांना घेतला. मालकाने आर्सेनलमध्ये ५५ कोटी ओतले, असं तेव्हा चारचौघांत ऐकलं होतं. ओतले ते उस्मानोव यांच्या खात्यात. क्लबच्या पेटीत त्यातलं काही पडलं नाही, पडायचं कारणही नव्हतं. पुढे २०२०मध्ये स्टेडियमचं जुनं कर्ज मालकाच्या कंपनीने फेडून स्वतःच्या कर्जात बदललं, ती मदत वेगळी आणि खरी. एप्रिल २०२१मध्ये, बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचा डाव फसल्यानंतर, आमच्या एमिरेट्स मैदानाबाहेर "क्रोंके चालते व्हा" म्हणून हजारो लोक उभे होते. २०२३मध्ये डेक्लन राइससाठी १० कोटींच्या वर दिले आणि त्या घोषणा कुठे विरल्या कळलं नाही. आमची तत्त्वं गुणतक्त्याप्रमाणे हलतात, हे मान्य करायला हरकत नाही.

उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांच्या बाबतीत दोन्ही रकमा शेजारी शेजारी दिसतात, म्हणून ते उदाहरण शिकायला बरं. फेब्रुवारी २०२४मध्ये युनायटेडचा २७.७ टक्के हिस्सा घेताना मोठी रक्कम शेअर विकणाऱ्यांकडे गेली, त्यात ग्लेझर आलेच. क्लबमध्ये आले ते ३० कोटी डॉलर, नवे शेअर घेऊन, दोन टप्प्यांत. सुमारे वीस वर्षांनी मालकांपैकी कुणीतरी खरोखर आत पैसा घातला. त्यानंतर काही महिन्यांतच अडीचशेच्या आसपास नोकऱ्या कापल्या आणि हंगामाच्या मध्यात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांची केली, पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. पैसा आला आणि राग वाढला.

मालकाने खरंच घातलेल्या पैशातही दोन जाती आहेत: भांडवल आणि कर्ज. भांडवल म्हणजे शेअर घेऊन दिलेला पैसा, तो परत मागता येत नाही. कर्ज मागता येतं. चेल्सीचे तेव्हाचे रशियन मालक अब्रामोविच यांनी २००३ ते २०२२ या काळात चेल्सीला दिलेले सुमारे दीडशे कोटी पौंड कागदावर कर्ज होते, बिनव्याजी. दोन चॅम्पियन्स लीग आल्या तोवर कुणी तो कागद वाचला नाही. मार्च २०२२मध्ये ब्रिटनने त्यांच्यावर निर्बंध घातले, क्लबच्या दुकानाचं शटर पडलं, नवी तिकिटं विकायची बंद झाली, आणि तेव्हा सगळ्यांना आठवलं की हा माणूस दीडशे कोटी परत मागू शकतो. त्यांनी कर्ज सोडून दिलं म्हणून निभावलं. पुढचे मालक टॉड बोली आणि क्लिअरलेक ही गुंतवणूक कंपनी यांनी क्लब घेताना दिलेले अडीचशे कोटी पौंडही क्लबला मिळाले नाहीत. युक्रेनमधल्या पीडितांसाठी म्हणून ते वेगळ्या खात्यात गोठवले गेले.

सगळ्यांना तोंडपाठ असलेला "नेट स्पेंड"चा आकडा, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीतून विक्री वजा जाऊन उरलेली रक्कम, यात कुठे बसतो? तो पूर्णपणे क्लबच्या बाजूचा. लिव्हरपूलने जानेवारी २०१८मध्ये कुटिन्होला १४ कोटींच्या वर किमतीला बार्सिलोनाला विकलं, त्याच वर्षात व्हॅन डाइक आणि अॅलिसन आले. या तीन सौद्यांपुरतं नेट स्पेंड जवळजवळ शून्य, २०१९ची चॅम्पियन्स लीग हातात. मालकाबद्दल तो आकडा काही सांगत नाही, ना चांगलं ना वाईट. बार्सिलोनाला तर मालकच नाही, सभासदांचा क्लब. तरी नेमारच्या विक्रीचे २२.२ कोटी युरो हातात येताच डेंबेले-कुटिन्होवर ते उडाले, आणि २०२१मध्ये कर्जाच्या डोंगराखाली मेस्सीला जाऊ द्यावं लागलं. मालक बदलला की सगळं सुटेल म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

मालक श्रीमंत असला म्हणजे क्लबला हवं तसं खर्चता येतं, हीही समजूत आता जुनी झाली. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांचा तोटा दीड कोटी पौंडांपर्यंत चालायचा. मालकाने फरक भांडवलाने भरून दिला तर साडेदहा कोटींपर्यंत. नियम बनवणाऱ्यांना हा भेद नीट कळलेला होता, हे यावरून दिसतं. पण साडेदहाच्या वर मालकाकडे तेलाच्या विहिरी असल्या तरी उपयोग नसायचा. अॅशली गेल्यावर न्यूकॅसल सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीकडे गेलं, जगातल्या सगळ्यात श्रीमंत मालकांपैकी एक, आणि त्याच क्लबने जून २०२४च्या शेवटच्या दिवसांत हिशेब बसवण्यासाठी इलियट अँडरसन आणि मिंटेह ही आपली तरुण पोरं विकली. हाच नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे २०२३-२४मध्ये दोन वेळा मिळून आठ गुण कापले गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार.

खर्चाचा वर्षवार आकडाही फीएवढा नसतो. चेल्सीने एन्झो फर्नांडेझसाठी दिलेले १०.६८ कोटी पौंड साडेआठ वर्षांच्या करारावर वाटले की वर्षाला सव्वा कोटीच वहीत पडतात. टॉड बोलींच्या चेल्सीने ही युक्ती इतकी ताणली की युरोपात आणि मग प्रीमियर लीगमध्येही फी वाटायला पाच वर्षांची मर्यादा आली.

आपल्याला जवळचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लब म्हणजे एफसी पुणे सिटी होता. धुळ्या-जळगावातून रात्रीची गाडी पकडून बालेवाडीला जाणारी पोरं होती. २०१९मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो बंदच पडला. आपल्याकडे तिकीट आणि टीव्हीतून येणारी कमाई इतकी तुटपुंजी की क्लबचा खर्च आणि मालकाचा पैसा जवळजवळ एकच होऊन जातो. मालक थकला की दुसऱ्या दिवशी क्लब नाही. युनायटेड ग्लेझरांखाली वीस वर्षं तगला तो कमाईच्या जोरावर. उपरोध असा की लुटता येण्याइतका क्लब असणं हीसुद्धा आपल्यासाठी चैन आहे.

हे दोन आकडे वेगळे काढणं फार अवघड नाही. इंग्लंडमधल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. रोख प्रवाहाच्या पानावर शेवटी वित्तपुरवठ्याचा भाग असतो: नव्या शेअरचे किती आले, मालकाच्या कंपनीकडून कर्ज किती आलं, लाभांश किती गेला, आणि व्याज किती (ते कधी वरच्या भागातही दाखवलेलं असतं). मालकाबद्दलचं भांडण तेवढ्या चार ओळींवर करावं. खेळाडूंच्या खरेदीची ओळ त्याच्या वर, वेगळ्या भागात असते.

फक्त चेल्सीचे अलीकडचे हिशेब वाचताना सावध. तिथे मालकाचा पैसा क्लबच्या कमाईचा वेष घालून येतो. स्टेडियमलगतची दोन हॉटेलं क्लबने मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाखांना विकली. पुढच्या वर्षी महिलांचा संघही घरातल्याच कंपनीला जवळपास २० कोटींना विकला, आणि तोट्यात दिसणारं २०२३-२४ हे वर्ष जवळपास १३ कोटींच्या नफ्यात आलं. प्रीमियर लीगच्या नियमांत हे बसलं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, ती कमाई धरली नाही आणि जुलै २०२५मध्ये चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड लावला.