दिनुगुआन

दिनुगुआन हा डुकराचे मांस, आतडी, काळीज व इतर अंतर्गत अवयव व्हिनेगरमध्ये शिजवून त्यात त्याच जनावराचे रक्त मिसळून केला जाणारा, फिलिपिन्समधील दाट व काळपट तपकिरी रंगाचा रस्सा आहे. टागालोग भाषेतील हे नाव ‘दुगो’ म्हणजे रक्त या शब्दावरून आले. लुझोन बेटाच्या उत्तर भागातील इलोकानो भाषक याला ‘दिनारदाराआन’, तर पाम्पांगा प्रांतातील लोक ‘तिदताद’ म्हणतात. परक्या पाहुण्यांना आणि लहान मुलांना बिचकायला होऊ नये म्हणून ‘चॉकलेट मीट’ असे गमतीचे नावही रूढ आहे. पदार्थाचा रंग पाहता ते अगदीच खोटे म्हणता येत नाही.

गावच्या उत्सवाला किंवा लग्नकार्याला डुक्कर कापले की मांस टिकवता येते वा भाजता येते. रक्त आणि आतडी मात्र लगेच वापरावी लागतात. हा पदार्थ या निकडीला धरून आहे. शहरांत आता रक्त बाजारातून विकत आणतात आणि पुष्कळ घरी आतड्यांऐवजी नुसते चरबीयुक्त मांस घेतात. जाणकार खवय्यांच्या मते आतडी व काळजाशिवाय या रश्श्याला अंगच येत नाही, आणि त्यात तथ्य आहे, कारण मऊ मांस, चिवट आतडी आणि किंचित कडसर काळीज यांचा एकत्रित चावा नुसत्या मांसाने साधत नाही.

सर्वांत कष्टाचे काम साफसफाईचे असते. आतडी उलटी करून मीठ व व्हिनेगरने चोळतात, अनेक पाण्यांनी धुतात, मग आले किंवा गवती चहा घालून उकळतात आणि ते पहिले पाणी फेकून देतात. ती मऊ झाल्यावर बारीक चिरली जातात. त्यानंतर तेलात लसूण, कांदा व आले परतून मांस आणि अवयव घालतात. काळीज लवकर कडक होत असल्याने ते बहुधा उशिरा पडते. चवीला ‘पातिस’ हे माशाचे खारवलेले पाणी आणि तमालपत्र असते. व्हिनेगर ओतल्यानंतर त्याला उकळी फुटेपर्यंत डाव घालायचा नाही, हा फिलिपिनो स्वयंपाकघरातला जुना दंडक आहे. तो मोडल्यास कच्चा आंबूसपणा रश्श्यात राहतो असे मानले जाते. शेवटी लांब हिरव्या मिरच्या अखंड सोडतात.

पदार्थाची खरी कसोटी रक्त घालताना लागते. ताजे रक्त काही मिनिटांत साकळते, म्हणून ते गोळा करतानाच त्यात व्हिनेगर किंवा मीठ मिसळतात आणि साकळलेले भाग हाताने कुस्करून वा गाळून घेतात. आच मंद ठेवून, एका हाताने बारीक धार धरत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे लागते. उष्णतेने रक्तातील प्रथिने घट्ट होतात. ढवळणे थांबले तर रस्सा फाटून रवाळ गुठळ्या तरंगू लागतात, आणि ते नीट जमले तर तो चमच्याच्या पाठीवर गुळगुळीत लेप धरतो. महाराष्ट्रात जत्रांच्या दिवसांत बोकडाची रक्ती करताना रक्त मुद्दाम गोठू देऊन त्याचे तुकडे कांद्यावर परततात. दिनुगुआनमध्ये सगळा खटाटोप ते गोठू नये यासाठी असतो.

प्रांतागणिक यात फरक आढळतो. बिकोल भागात नारळाचे दूध घालतात, इलोकोसमध्ये रस्सा आटवून कोरडा ठेवण्याकडे कल असतो, आणि काही ठिकाणी आंबटपणासाठी चिंच किंवा ‘कामियास’ वापरतात. कामियास म्हणजे कोकण-गोव्यात माशाच्या कालवणात पडणारी बिंबलीच होय. व्हिनेगर उसाचे, नारळाचे किंवा निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या रसाचे असते.

दिनुगुआन भाताबरोबर खातात, पण त्याची ठरलेली जोडी ‘पुतो’ या तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या, किंचित गोडसर फुगीर वड्यांशी आहे. गोमंतकीय ख्रिस्ती घरांतील सोरपोतेल या पोर्तुगीज वळणाच्या पदार्थाशी याचे साम्य लगेच जाणवते: तेथेही डुकराचे मांस व काळीज, माडीचे व्हिनेगर, जुन्या पद्धतीत रक्त, आणि सोबत सान्ना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडलीसारख्या वड्या. सोरपोतेलमध्ये मात्र लाल मिरची, जिरे, दालचिनी अशा मसाल्यांचे वाटण असते, तर दिनुगुआनमध्ये मसाला नावापुरता असून चव आंबटपणा व रक्तावरच उभी राहते. फिलिपिन्सवर तीन शतकांहून अधिक काळ स्पॅनिश सत्ता होती. तरी एवढ्यावरून हा पदार्थ युरोपातून आला असे म्हणता येत नाही, कारण मासे व मांस आंबट रसात शिजवण्याची ‘पाक्सिव’सारखी पद्धत तेथे देशी मानली जाते.

सगळेच फिलिपिनो तो खातात असेही नाही. दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावरील मुस्लिमांना डुक्कर व रक्त दोन्ही वर्ज्य आहेत. १९१४ मध्ये नोंदणी झालेल्या इग्लेसिया नी क्रिस्तो या देशी ख्रिस्ती पंथाचे अनुयायीही बायबलच्या आधारे रक्त खात नाहीत, त्यामुळे सामायिक पंगतीत या पातेल्याशेजारी दुसरे कालवण ठेवण्याची काळजी यजमानाला घ्यावी लागते. हा पदार्थ लोहाने समृद्ध आहे. मात्र अंतर्गत अवयवांत प्युरिन (शरीरात ज्यापासून युरिक आम्ल बनते ते द्रव्य) भरपूर असल्याने गाउट या सांध्यांच्या विकाराच्या रुग्णांना तो टाळण्यास सांगतात.