लोखंडाला जागेवर बसवताना

चंचुपात्रात मिथिलिन ब्लू या रंगद्रव्याचं निळंशार पाणी घ्यायचं. त्यात लोहयुक्त सिरॅमिकचे तपकिरी, सच्छिद्र खडे टाकायचे आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं. खड्यांवर बारीक बुडबुडे धरू लागतात आणि निळा रंग उतरत जातो. बघणाऱ्याचा जीव हरखतो. पण ते बुडबुडे ऑक्सिजनचे, म्हणजे रंगावर काम न करताच वाया गेलेल्या पेरॉक्साइडचे!

खरं काम करतो तो हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा अतिक्रियाशील तुकडा. लोह पेरॉक्साइडला फोडतं आणि हा मूलक सुटतो. तो इतका अधाशी, की भेटेल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतो. सांडपाण्यातला रंग, कीटकनाशक, औषधाचा अंश, काहीही. लोह आणि पेरॉक्साइडच्या जोडीचा हा गुण रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी 1894 साली टार्टारिक आम्लावर दाखवला होता. मात्र लोहाचे क्षार पाण्यात विरघळवून हे करायचं, तर पाण्याचा सामू 3 च्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी लागतो. नंतर आम्ल मारलं की सगळं लोह गंजाच्या रंगाचा गाळ होऊन तळाशी बसतं. पाणी निवळलं खरं, पण आता त्या गाळाचं काय करायचं?

म्हणून लोहाला सिरॅमिकमध्ये भाजून पक्कं बसवायचं. खडे गाळून पुन्हा वापरता येतात. फेराइटसारखी (लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेली) चुंबकीय पूड असेल तर चुंबकानेच ओढून घेता येते. क्रिया फक्त पृष्ठभागावर होत असल्याने वेग मात्र बहुतेकदा कमी पडतो.

असा उत्प्रेरक हाती आला, की मी आधी दोन गोष्टी तपासेन. पेरॉक्साइड न घालताही रंग उतरला, तर खड्यांनी तो नुसता शोषलाय. आणि क्रिया अर्ध्यावर असताना खडे काढून घेतल्यावरही पाण्यात ती तशीच जोरात चालू राहिली, तर लोह झिरपून बाहेर आलंय. म्हणजे पुन्हा तोच गाळ.

नुसत्या रंग उतरण्यावरही भिस्त ठेवू नये. फिनॉल या सेंद्रिय प्रदूषकाचंच बघा. ते मुळात रंगहीन, पण तुटताना वाटेत बेंझोक्विनोन तयार होतं आणि पाणी उलट तपकिरी होतं. हे बेंझोक्विनोन फिनॉलहूनही विषारी. त्यामुळे पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजावंच लागतं. पुष्कळदा पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, आणि त्यात ऑक्झॅलिक आम्लासारखे चिवट तुकडे अजून शिल्लक असतात.