बालगृह-ग्राम विकास प्रकल्प

ग्रामीण भागातील बालगृह आणि ते ज्या गावात आहे ते गाव, या दोघांच्या गरजा एकत्र धरून देणगीतून उभारलेली कामे. पाणी, इंधन, स्वच्छतागृहे, परसबाग, दुभती जनावरे व अभ्यासिका ही त्यांची नेहमीची रूपे. केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन हे यातले जुने उदाहरण. 1896–97 च्या दुष्काळात आणलेल्या मुलींसाठी तिथे विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना उभा राहिला.

आज बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे आणि मुलाला तिथे ठेवण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायद्याचे तत्त्व आहे. त्यामुळे प्रकल्पाची निम्मी बाजू बालगृहाच्या कुंपणाबाहेर असायला हवी, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. बीडसारख्या जिल्ह्यांत उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलांना वर्षभराचे बालगृह लागत नाही. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत गावातच हंगामी वसतिगृह चालले आणि आजीच्या घरी शिधा पोचला, तरी पुरते. एक पालक गमावलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात. पण मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खाते यांपैकी एखादे अडले की अर्ज पडून राहतो. हे कागद जमवून देणारा एक पगारी कार्यकर्ता गावात असणे, हे नव्या खोलीपेक्षा मोलाचे काम आहे.

बालगृहात आधी काय बांधायचे, हे याच अधिनियमाखालील 2016 च्या आदर्श नियमांवरून ठरवता येते: झोपण्यासाठी दर मुलामागे 40 चौरस फूट, 7 मुलांमागे एक शौचालय, 10 मुलांमागे एक न्हाणीघर. म्हणजे 50 मुलांसाठी 8 शौचालये आणि 5 न्हाणीघरे. देणगीदाराला मात्र नावाची पाटी लावता येईल असे सभागृह हवे असते.

पाण्याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी पडते. अवर्षणप्रवण भागात 500 मिमी पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 100 चौरस मीटर छपरावरून 40,000 लिटर मिळते. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज 5 लिटर धरल्यास ते 50 मुलांना 160 दिवस पुरते, अर्थात तेवढी टाकी असेल तर. पावसाळ्यातले पहिले एक-दोन पाऊस आणि नंतरच्या प्रत्येक सरीचे पहिले 100 ते 200 लिटर वेगळ्या नळीने बाहेर सोडावे लागते. नाहीतर पक्ष्यांची विष्ठा आणि पाचोळा टाकीत उतरतो. झाकण आणि डासांची जाळी विसरली की तीच टाकी डेंग्यूचे घर होते.

गोबरगॅस देणगीत बऱ्याचदा मिळतो आणि बऱ्याचदा बंद पडतो. 4 घनमीटरच्या संयंत्राला रोज 100 किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे गोठ्यात बांधलेली सुमारे दहा गुरे. चरायला जाणाऱ्या जनावरांचे निम्मे शेण रानातच राहते. पहिल्या भरणीला चाळीस दिवसांचे, म्हणजे सुमारे 4 टन शेण जमवावे लागते. स्वयंपाकाला माणशी पाव घनमीटर गॅस धरला तर हे संयंत्र सोळा जणांचेच भागवते, आणि थंडीत त्याहून कमी. गावातल्या गोठ्यांशी शेणाच्या बदल्यात स्लरी (गॅस निघाल्यावर उरणारा शेणाचा पातळ राडा) असा करार केला तर तुटवडा भरून निघतो आणि शेताला खतही मिळते. नळीत साचणारे पाणी काढणारा कोणी नेमलेला नसेल, तर ज्योत फडफडते आणि स्वयंपाकीण परत चुलीकडे वळते. सौर बंबाचेही तसेच: बोअरचे क्षारयुक्त पाणी थेट सोडले की नळ्यांत थर बसतो.

सामायिक कामाची जागा कोणाची, हे खोदण्याआधी ठरले पाहिजे. बोअर संस्थेच्या जमिनीत आणि पाणी गावाला, असे असेल तर ग्रामसभेचा ठराव, पाण्याच्या वेळा, वीजबिलाचा वाटा आणि मोटार जळल्यास खर्च कोणाचा, हे लेखी हवे. उन्हाळ्यात भांडण होते ते बहुधा वीजबिलावरूनच. मिळालेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवून तिच्या किमतीच्या निदान वीसाव्या भागाइतकी रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. परदेशी देणगीला परकीय योगदान (नियमन) कायद्याची नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे आणि परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

परसबागेत मुलांनी वाफे लावावेत, पण विक्रीसाठीच्या उत्पादनात त्यांना मजूर म्हणून धरू नये. वाढदिवसाच्या जेवणावळी हव्याशा वाटल्या तरी शिजवून आणलेल्या अन्नापेक्षा कोरडा शिधा घ्यावा. देणगीदाराला कामाचे फोटो द्यावेत, मुलांचे नाहीत: अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.